शेजाऱ्यांचे गणित : प्रस्तावना

नागपुरात ज्यांची झोपायची खोली पश्चिमेला आहे त्यांना नवतपा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. भिंतीवर ऊन पडते दुपारी तीन-चारला, आणि ते आत जाणवते रात्री दहा-अकराला. तोवर बाहेरची हवा थोडी उतरलेली असते, गच्चीवर पाणी मारून झालेले असते, कूलरची टाकी पुन्हा भरलेली असते. भिंतीला पाठ टेकवावी तर ती मात्र चटका देते. विटांच्या नऊ इंची भिंतीतून उष्णतेची लाट आरपार यायला साधारण सहा-सात तास लागतात. हे इथल्या प्रत्येक घराला अनुभवाने माहीत आहे. पण भिंतीला आतून थर्मोकोल लावला तर काय होईल, विटेऐवजी पोकळ ठोकळे वापरले तर लाट किती उशिरा पोचेल, बाहेरून चुना फासल्याने किती अंश वाचतील, असे कोणी विचारले की अनुभव थांबतो. तिथे हिशेब करावा लागतो.

त्या हिशेबाचे मूळ समीकरण जोसेफ फूरिए याने १८२२ साली ग्रंथरूपाने मांडले. ते आजही तसेच्या तसे खरे आहे. अडचण एवढीच, की कागदावर ते नेटकेपणाने सुटते ते साध्या आकारांसाठी. खऱ्या भिंतीत खिडकी असते, मध्येच काँक्रीटचा बीम जातो, ऊन तासातासाला बदलते, संध्याकाळी वारा सुटतो. मग एकच मार्ग उरतो. भिंतीचे मनाने पातळ थर पाडायचे आणि प्रत्येक थराला विचारायचे, की पूर्वेच्या शेजाऱ्याकडून तुला किती उष्णता मिळाली आणि पश्चिमेच्या शेजाऱ्याला तू किती दिलीस. एका अवघड समीकरणाच्या जागी शेकडो सोपी समीकरणे येतात, आणि ती बेरीज-गुणाकाराने सुटतात. न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस, म्हणजे संख्यात्मक विश्लेषण, या शास्त्राचा हा गाभा आहे.

ही पुस्तिका त्या शास्त्राची ओळख करून देते ती एका माणसाच्या कामातून. सुहास पाटणकर हे त्यांचे नाव. जन्म १९४१, पुणे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६२ साली मेकॅनिकलची पदवी, १९६४ साली मुंबईच्या आयआयटीतून एम.टेक., आणि १९६७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पीएच.डी. पुढे इंपीरियल, कानपूरची आयआयटी, कॅनडातले वॉटर्लू विद्यापीठ असा प्रवास करून ते १९७५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेले आणि तिथलेच झाले. उष्णतेच्या आणि प्रवाहाच्या गणनेत जगभर ज्यांचे नाव रोज घेतले जाते अशा मोजक्या लोकांत ते आहेत. दत्तात्रेय कापरेकरांचा ६१७४ हा आकडा आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक असतो. नरेंद्र करमरकरांची १९८४ सालची रेषीय नियोजनाची पद्धत वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचली. पाटणकरांचे काम कोराडी वीजकेंद्राच्या बॉयलरसारख्या भट्टीतल्या ज्वाळांपासून संगणकाच्या चिपवरच्या पंख्यापर्यंत सगळीकडे लागू पडते, तरी मराठीत त्यांच्यावर पुरेसे लिहिलेले मला सापडले नाही. हे मला फार लागून राहिले होते.

पाटणकरांच्या आधी थोडे इंग्लंडात जायला हवे, कारण ज्या परंपरेत ते शिकले ती तिथली आहे.

लुईस फ्राय रिचर्डसन हा तिचा पहिला मोठा पुरुष. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दगडी धरणातले ताण काढण्यासाठी त्याने धरणाच्या छेदावर चौकटी आखल्या आणि प्रत्येक छेदबिंदूचा आकडा शेजारच्या बिंदूंवरून पुन्हा पुन्हा सुधारत नेला. हे आकडेमोडीचे काम त्याने पोरांना मजुरीवर दिले होते. दर ठरलेला होता : आकड्यात जितके अंक, त्याला अठराने भागून येतील तितके पेन्स, दर बिंदूमागे. सर्वांत चलाख मुले आठवड्याला दोन हजार क्रिया करत, आणि चुकलेल्या क्रियांचे पैसे मिळत नसत. या शास्त्राच्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा तपशील हाच आहे. अचूकता विकत मिळते आणि तिला भाव असतो, हे पुढे कधी इतक्या उघडपणे कोणी मांडले नाही.

त्याच रिचर्डसनने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करताना हवामानाचे भाकीत हाताने मांडून पाहिले. दिवस निवडला २० मे १९१०, म्हणजे केव्हाच होऊन गेलेला. सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल? उत्तर आले १४५ मिलिबार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा आपसातला तोल नव्हता, आणि गणिताने तो बारीक दोष फुगवून डोंगराएवढा केला. रिचर्डसनने हे अपयश लपवले नाही. १९२२ साली ग्रंथात आकड्यांसह छापले. वारा आणि दाब यांचा हा तोल वाचकाने लक्षात ठेवावा. पाटणकरांच्या गोष्टीत तो पुन्हा भेटणार आहे.

दुसरा जिम विल्किन्सन. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत अ‍ॅलन ट्युरिंगच्या हाताखाली त्याने सुरुवात केली, आणि १९५० मध्ये तिथे चालू झालेल्या पायलट एस या संगणकाच्या बांधणीत त्याचा मोठा वाटा होता. यंत्र प्रत्येक गुणाकारानंतर शेवटचे अंक छाटते. अशा लाखो छाटण्या साचल्या तर उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा, ही त्या काळची मोठी धास्ती होती. विल्किन्सनने प्रश्नच फिरवला. यंत्राने दिलेले उत्तर आपल्या प्रश्नाचे अचूक उत्तर नसेल, पण ते अगदी शेजारच्या एखाद्या प्रश्नाचे अचूक उत्तर आहे का? तसे असेल आणि तो शेजार आपल्या मोजमापातल्या चुकीइतकाच जवळ असेल, तर काळजीचे कारण नाही. या विचारासाठी त्याला १९७० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मला तो विसाव्या शतकातल्या सुंदर विचारांपैकी एक वाटतो.

तिसरे नाव जोडीचे आहे : जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन. त्यांची १९४७ ची पद्धत आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आजही असते. आणि पाटणकरांचे वेगळेपण समजून घ्यायचे तर याच पद्धतीपाशी थोडा वेळ बसायला हवे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर फारच चांगले.

आपली नऊ इंची भिंत घेऊ. तिचे दहा थर पाडू, प्रत्येक सव्वादोन सेंटिमीटरहून किंचित जास्त जाडीचा. समजा मधल्या थराचे तापमान ४० अंश आहे आणि दोन्ही शेजारी ३० अंशांवर आहेत. थोड्या वेळाने मधला थर किती असेल? तो निवेल, पण ३० च्या खाली जाणार नाही. शेजाऱ्यांपेक्षा थंड होण्यासारखे काहीच घडलेले नाही. हे सांगायला गणित लागत नाही.

आता सर्वांत सरळ पद्धत वापरू : आत्ता जो फरक आहे त्यावरून पुढच्या क्षणाचे तापमान काढायचे. विटेच्या गुणधर्मांनुसार अठरा मिनिटांची एक उडी घेतली तर सूत्र असे होते : डावा शेजारी अधिक उजवा शेजारी वजा स्वतःचे जुने तापमान. म्हणजे ३० अधिक ३० वजा ४०. उत्तर २० अंश. नागपूरच्या मे महिन्यात भिंतीच्या पोटात अचानक डिसेंबर! सूत्रात स्वतःच्या जुन्या तापमानाला उणे चिन्ह लागले आहे, म्हणजे थर आधी जितका गरम, तितका तो नंतर थंड, असे ते सूत्र म्हणते. यातून सुटायचे तर उडी नऊ मिनिटांच्या आत ठेवावी लागते. आणि थर अर्ध्या जाडीचे केले तर उडी एकदम चौथ्या हिश्शावर येते. बारकाई वाढवायला जावे तर काम आठपट होते.

क्रँक आणि निकोल्सन यांनी आत्ताचा फरक आणि पुढच्या क्षणाचा फरक यांची सरासरी घेतली. गणिताच्या दृष्टीने हे फार देखणे आहे : अचूकता वाढते आणि कितीही मोठी उडी घेतली तरी आकडे बेफाम होत नाहीत. पण शेजारी ३० वरच धरून साधारण ५४ मिनिटांची उडी घेऊन पाहा. उत्तर येते २५ अंश. आकडा फुटलेला नाही, पुढच्या उड्यांत तो सावरेलही. पण २५ हे उत्तर त्या भिंतीत कधीही शक्य नाही. पाटणकरांनी आपल्या पुस्तकात नेमका इथे आक्षेप घेतला. पद्धत स्थिर आहे याचा अर्थ तिचे प्रत्येक उत्तर शहाणे आहे असा होत नाही, हे त्यांनी विद्यार्थ्यांना स्पष्ट बजावले. त्यांची पसंती पूर्णपणे पुढच्या क्षणाच्या फरकावर चालणाऱ्या पद्धतीला होती. तीच ५४ मिनिटांची उडी त्या पद्धतीने घ्या : ३१.४ अंश. कागदोपत्री ही पद्धत कमी अचूक आहे. पण तिने दिलेले उत्तर भिंतीला पटणारे आहे.

माझ्या मते पाटणकरांचे सगळे काम या एका आग्रहातून उगवते. विल्किन्सनने विचारले, हे उत्तर शेजारच्या कोणत्या प्रश्नाचे? पाटणकरांनी पुढचे विचारले : तो शेजारचा प्रश्न या जगात घडू शकतो का?

या आग्रहाला त्यांनी चार नियमांचे रूप दिले, आणि ते चार नियम म्हणजे त्यांच्या १९८० सालच्या ‘न्यूमेरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो’ या पुस्तकाचा कणा. एका थराने सोडलेली उष्णता दुसऱ्याने घेतलेल्या उष्णतेइतकीच असली पाहिजे, वाटेत काही हरवू नये. शेजाऱ्यांच्या आणि स्वतःच्या गुणकांचे चिन्ह एकच असावे, म्हणजे वर दिसलेला डिसेंबर येणार नाही. आत निर्माण होणारी उष्णता तापमानासोबत वाढत जाईल अशी मांडणी टाळावी. आणि सगळे शेजारी पाच अंशांनी वर गेले तर मधलाही पाचच अंशांनी वर जावा. वाचताना वाटते, यात विशेष काय? पण या साध्या वाटणाऱ्या अटी मोडणारी सूत्रे त्या काळी सर्रास छापली जात होती.

पहिल्या नियमाचे एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या घरातले आहे. विटेच्या थराला थर्मोकोलचा थर चिकटलेला आहे. दोघांच्या सीमेवर उष्णतावाहकता किती धरायची? हात आपोआप सरासरीकडे जातो. पण समजा थर्मोकोल इतका चांगला आहे की त्यातून उष्णता जातच नाही, वाहकता शून्य. सरासरी घेतली तर सीमेवर विटेच्या निम्मी वाहकता उरते आणि हिशेबात उष्णता खुशाल आरपार जाते. ज्यासाठी थर्मोकोल लावला तेच कागदावर पुसले गेले. पाटणकर दाखवतात की इथे हरात्मक मध्य घ्यायला हवा. मग एक बाजू शून्य असेल तर सीमाही शून्य. शाळेत हरात्मक मध्य शिकताना तो कशाला, असा प्रश्न मुलांच्या चेहऱ्यावर असतो. त्याचे उत्तर या भिंतीत आहे.

आता त्यांचे सर्वांत गाजलेले काम. इंपीरियल कॉलेजात त्यांचे मार्गदर्शक होते ब्रायन स्पाल्डिंग, मूळचे ज्वलनशास्त्राचे माणूस, कमालीचे कल्पक आणि घाईचे. त्यांच्या गटात १९६०च्या दशकात द्विमितीय प्रवाह सोडवले जात ते दाबाला बगल देऊन, वेगातूनच काढलेल्या दुसऱ्या राशी वापरून. त्रिमितीय प्रवाहात ही वाट अतिशय किचकट होते. म्हणजे दाबाशी थेट भिडणे आले. आणि दाब हा चमत्कारिक पाहुणा आहे : न दाबल्या जाणाऱ्या द्रवात त्याचे स्वतःचे असे समीकरणच नसते. वेगाचे समीकरण आहे, वस्तुमान टिकते याचे समीकरण आहे. दाब फक्त वेगाच्या समीकरणात डोकावतो.

शिवाय एक सापळा. ओळीतल्या बिंदूंवर दाब ९०, ४०, ९०, ४० असा खालीवर धरा. कोणत्याही बिंदूवर त्याच्या दोन बाजूंच्या शेजाऱ्यांतला फरक काढला तर तो येतो शून्य : ९० वजा ९०, ४० वजा ४०. इतका खडबडीत दाब असूनही द्रवाला तो सपाट वाटतो आणि यंत्र समाधानाने उत्तर छापते. यावर १९६५ साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या हार्लो आणि वेल्च यांनी तोडगा काढला होता : प्रवाहाच्या जागेचे पेट्यांत तुकडे पाडायचे, दाब पेटीच्या मध्यावर ठेवायचा आणि वेग पेट्यांच्या सीमांवर, म्हणजे लगतच्या दोन दाबांतलाच फरक वेगाला दिसतो. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी ती रचना घेतली आणि तिच्यावर १९७२ साली आपली पद्धत उभी केली. तिचे नाव ‘सिंपल’.

तिची चाल अशी. दाबाचा एक अंदाज घ्या. त्यावरून वेग काढा. मग प्रत्येक पेटीशी जाऊन जमाखर्च तपासा : जितके आत आले तितके बाहेर गेले का? बहुधा नाही. कुठे जास्त येते आहे, तिथे दाब थोडा वाढवा. कुठे कमी पडते आहे, तिथे उतरवा. या दुरुस्तीने वेगही दुरुस्त करा. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला दुरुस्ती पूर्ण लागू करायची नाही, काही हिस्साच करायचा, नाहीतर गाडी उलटते. आपल्या पुस्तकात पाटणकर वेगासाठी ०.५ आणि दाबासाठी ०.८ हे प्रमाण सुचवतात. जमाखर्च प्रत्येक पेटीत जुळेपर्यंत हे चालते. रिचर्डसनला वारा आणि दाब यांच्यातल्या ज्या तोलाने दगा दिला, त्याला इथे हिशेबाच्या मध्यभागी बसवले आहे. दाबाचे कामच मुळी वेगांना जमाखर्चाला उतरवणे हे ठरले.

आज आपल्या कॉलेजांतल्या लॅबमध्ये फ्लुएंट ही प्रवाहगणनेची संगणकप्रणाली उघडली की पद्धतींच्या यादीत ‘सिंपल’ दिसते. ओपनफोम या मोफत प्रणालीतल्या एका मुख्य प्रोग्रामच्या नावातच ती आहे. नागपुरातही शेवटच्या वर्षाची मुले कूलरच्या हवेचा, चिमणीच्या धुराचा, रेडिएटरचा प्रकल्प करताना तो पर्याय निवडतात आणि थोड्या वेळात पडद्यावर लाल-निळे चित्र उमटते. ते चित्र अहवालात चिकटवले जाते. मी अशा तोंडी परीक्षांना परीक्षक म्हणून बसलो आहे. आत आलेली आणि बाहेर गेलेली हवा जुळली का, असे विचारले की मुले गोंधळतात. त्यांची हुशारी कमी पडते म्हणून नव्हे, त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो म्हणून. ही पुस्तिका लिहायला घेतली ती या मुलांसाठी. चित्र बघण्याआधी बेरीज बघायची सवय लागली तर मेहनत सत्कारणी लागली असे मी म्हणेन.

पाटणकरांवर टीकाही झाली, आणि ती वाचकापासून लपवणे त्यांच्याच वृत्तीला धरून होणार नाही. वेगवान प्रवाहात बिंदूवर जे पोचते ते वाऱ्याच्या दिशेकडून, म्हणून वरच्या बाजूच्या शेजाऱ्याचेच ऐकायचे, ही त्यांच्या पुस्तकातली मांडणी शहाणी उत्तरे देते खरी. पण प्रवाह पेट्यांना तिरपा असेल तर ती धारदार फरक पसरट करून टाकते. धुराची रेघ कागदावर गरजेपेक्षा रुंद दिसते. अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या प्रवाहशास्त्रावरील नियतकालिकाने १९८६ साली अचूकता न तपासलेले संख्यात्मक लेख न स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, त्यामागे या प्रकारच्या पसरट उत्तरांबद्दलची नाराजी होती. टीकाकारांचे बरोबर होते. पुढच्या पिढीने अधिक धारदार सूत्रे काढली. तरीही ती काढताना उत्तर शेजाऱ्यांच्या मर्यादेबाहेर जाऊ नये ही अट त्यांनाही पाळावी लागली, आणि ती पाळण्यासाठी खास युक्त्या शोधाव्या लागल्या.

त्यांच्या पुस्तकाबद्दल दोन शब्द. ते दोनशे पानांचेही नाही. १९७२ च्या सुमारास इंपीरियलमध्ये दिलेल्या व्याख्यानांच्या टिपणांतून ते वाढत गेले. त्यात पद्धतींची जंत्री नाही. एकच पद्धत धरून ती तळापर्यंत समजावली आहे. प्रत्येक सूत्रानंतर ते थांबतात आणि गुणकाचा अर्थ सांगतात : हा गुणक म्हणजे शेजाऱ्याचा प्रभाव, हा म्हणजे जुन्या काळाचा. चांगला शिक्षक फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गाकडे वळतो, तसे ते लेखन आहे. मिनेसोटात १९८३ साली त्यांना अध्यापनासाठीचा सन्मान मिळाला, आणि २००८ साली उष्णतासंक्रमणातला प्रतिष्ठेचा मॅक्स जेकब पुरस्कार. त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीने मोठ्या संगणककेंद्रांत थंड हवा जमिनीतल्या जाळीच्या फरशांतून कशी वाटली जाते याची गणना करणारी प्रणाली तयार केली. तिथेही मुळातला प्रश्न दाब आणि वेग यांच्या जमाखर्चाचाच आहे.

या पुस्तिकेत पहिली चार प्रकरणे भिंतीची आहेत, एका दिशेची आणि स्थिर हवेची. ती संगणकाशिवाय, वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून सोडवता येतात, आणि तशीच सोडवावीत असा माझा आग्रह आहे. पाचव्यापासून वारा येतो, सातव्यात दाब. खळबळत्या प्रवाहाचा, म्हणजे टर्ब्युलन्सचा विषय मी मुद्दाम घेतलेला नाही; तो चार पानांत उरकण्यासारखा नाही आणि अर्धवट सांगितला तर अपायच होतो. सूत्रांत पूर्वेचा शेजारी ‘पू’, पश्चिमेचा ‘प’, उत्तरेचा ‘उ’, दक्षिणेचा ‘द’ अशी खूण केली आहे; दिशांच्या आद्याक्षरांची ही रीत पाटणकरांच्या पुस्तकातलीच आहे. ज्यांना पुढे मूळ इंग्रजी पुस्तक वाचायचे असेल त्यांना ती रीत ओळखीची वाटेल. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पश्चिमेच्या भिंतीचे चोवीस तासांचे उदाहरण आहे. उत्तर दिलेले नाही. वाचकाने एक दिवस दर तासाला स्वतःच्या भिंतीचे तापमान आतून-बाहेरून टिपावे आणि त्या आकड्यांशी आपले गणित ताडून पाहावे.

नागपूर